मुलांच्या हालचालीचे माप

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले, तेव्हा मुलांच्या व्यायामाचे माप म्हणजे नमस्कारांची संख्या. पुढे १९६५ साली जपानात कमरेस लावावयाचे, पावले मोजणारे यंत्र विक्रीस आले. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस केली. तथापि पोहणे वा झाडावर चढणे पावलांच्या हिशेबात बसत नाही.

मानवतला शिकवीत असता, कवायतीस उशिरा येणाऱ्या एका मुलास मी आळशी ठरविले होते. तो शिवारातून कोसभर चालून येई, हे माझ्या वहीत नव्हते. माप अवश्य घ्यावे. परंतु मुलाचा सारा दिवस पाहून घ्यावे.