स्मृतिभ्रंशविषयक आत्मकथने

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेल्या व्यक्तींनी, तसेच त्यांची शुश्रूषा करणाऱ्या आप्तांनी स्वतःच्या अनुभवांविषयी केलेल्या लेखनास वा मौखिक निवेदनास स्मृतिभ्रंशविषयक आत्मकथने म्हणता येईल. आजाराची हकिकत वैद्याने सांगावी, आप्ताने की खुद्द रुग्णाने, हा या कथनांतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या महिलेशी झालेली प्रश्नोत्तरे नोंदवून ठेवली. १९०६ मध्ये त्यांनी याच रुग्णाविषयी व्याख्यान दिले. डेटर यांची मूळ कागदपत्रे १९९५ मध्ये पुन्हा सापडली. तोवर त्यांची ओळख प्रामुख्याने वैद्यकीय वर्णनापुरती मर्यादित होती. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आजाराआधी माणसाचा विचार व्हावा, असे प्रतिपादन केले.

रुग्णांची कथने

अमेरिकेतील धर्मोपदेशक रॉबर्ट डेव्हिस यांनी पत्नीच्या साहाय्याने लिहिलेले अनुभवकथन १९८९ मध्ये प्रकाशित झाले. ऑस्ट्रेलियातील ज्येष्ठ शासकीय अधिकारी क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. १९९८ मध्ये त्यांचे पहिले अनुभवकथन प्रसिद्ध झाले.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत काम करणाऱ्या वेंडी मिचेल यांना २०१४ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, निदान झाले. बोलताना शब्द सापडेनासे झाले तरी टंकलेखन करताना ते सुचत असल्याचे त्या सांगत. रोजच्या नोंदी हीच त्यांची पर्यायी स्मृती होती. लेखिका ॲना व्हार्टन यांच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे पहिले पुस्तक २०१८ मध्ये आले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आप्तांची कथने

समीक्षक जॉन बेली यांनी पत्नी, कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांच्या अल्झायमर आजाराविषयी लिहिलेले ‘आयरिस’ हे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दांपत्याच्या पूर्वायुष्याच्या आठवणी आणि आजारपणातील दैनंदिन शुश्रूषा यांचे चित्रण आहे. त्यावर आधारित त्याच नावाचा चित्रपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला.

ध्वनिमुद्रित कथने

अमेरिकेतील ‘स्टोरीकॉर्प्स’ ही संस्था सर्वसामान्य माणसांचे संवाद ध्वनिमुद्रित करते. २००६ मध्ये तिने स्मृती क्षीण होत चाललेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. अशा मुद्रणात बहुधा आप्त प्रश्न विचारतात व रुग्ण आठवणी सांगतो. त्यामुळे लेखन अशक्य झालेल्यांनाही निवेदनाची संधी मिळते.

मर्यादा व नैतिक प्रश्न

रुग्णांची प्रकाशित पुस्तके बहुतांशी आजाराच्या आरंभीच्या किंवा मधल्या टप्प्यातील, लेखनाची सवय असलेल्या व्यक्तींची आहेत. भाषा लोपल्यानंतरचा काळ प्रायः आप्तांच्याच शब्दांतून कळतो. सहलेखकाच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या मजकुरात रुग्णाचा शब्द कोणता, हे वाचकाला ओळखता येत नाही.

संमतीचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘आयरिस’ प्रकाशित झाले तेव्हा मर्डॉक हयात होत्या. त्यांचे निधन फेब्रुवारी १९९९ मध्ये झाले. त्यांच्या असहायतेचे तपशील जाहीर करण्यावर काहींनी आक्षेप घेतला, तर इतरांना त्यात दीर्घ सहजीवनाची प्रांजळ नोंद दिसली. आप्ताचा अनुभव हाही त्याचा स्वतःचाच असतो. मात्र तो सांगताना ज्याला आता हरकत घेता येत नाही अशा व्यक्तीचे खाजगी आयुष्य उघड होते. त्यामुळे निर्णयक्षमता शाबूत असतानाच रुग्णाची इच्छा विचारून नोंदवून ठेवणे महत्त्वाचे ठरते.