बाळूंच्या हाती बॅट

मंडळी, 'हौशी क्रिकेटपटू' हा शब्द आपण सहज वापरतो. एकोणिसाव्या शतकात मात्र तो फार वजनदार होता. इंग्लंडात खेळाचा पगार न घेणारे ते 'जंटलमन', घेणारे ते नुसते 'प्लेअर'. कितीतरी मैदानांवर दोघांची दारेसुद्धा वेगळी. आता आपल्या बाळू पालवणकरांना यात कुठे बसवायचे?

(एवढ्या मोठ्या माणसाला नुसते 'बाळू' म्हणायला जीभ धजत नाही, पण नावच ते!)

मूळ कोकणातले, चर्मकार समाजातले हे कुटुंब. वडील लष्करात. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टी लोटायची, अधूनमधून चेंडू टाकायचे, महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात गेले, तिथे ४ रुपये. म्हणजे पगारी खरे, पण खेळाडू म्हणून नव्हे! ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. बाद झाला की दर वेळी ८ आणे देई असे सांगतात. अशी शेकडो तास गोलंदाजी केली बाळूंनी, पण त्या क्लबात कुणी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची हौस, गोलंदाजी हे गड्याचे काम.

शाळेच्या मैदानावर मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आमच्या डोंगरकड्यात आजही पाहतो. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्याकडे काहीच नाही तो उन्हात चेंडू टाकत राहतो. त्यामुळे बाळूंची ती ४ रुपयांची नोकरी मला परकी वाटत नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. घ्यावे की नाही यावर वाद झाले, शेवटी घेतले. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा, जेवायला वेगळे ताट. चेंडू तेवढा बाटत नव्हता!

नंतर ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी धरली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ २३ पैकी १५ सामने हरला. त्या संघात बाळूंनी एकट्याने शंभरावर बळी घेतले. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठलेली, खांदाही दुखत होता.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची कधी नेमणूक झाली नाही. तो मान १९२३ साली विठ्ठल या त्यांच्या धाकट्या भावाला मिळाला. ते उत्तम फलंदाज! याच विठ्ठलांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले आहे. मिळाले तर जरूर वाचा.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे चक्क डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे २ हजार मतांनी पडले. यावरून काही जण त्यांना नावे ठेवतात. मला ते पटत नाही. पण तो विषय मोठा, पुन्हा कधीतरी.

बाळू १९५५ साली वारले. इंग्लंडात हौशी आणि पगारी हा भेद रद्द व्हायला १९६२ उजाडावे लागले.