चेक, टॅली, ऑडिट, कंट्रोल : काही सरकारी शब्दांचा पूर्वेतिहास

सरकारी कार्यालयात दिवसभर उच्चारले जाणारे काही इंग्रजी शब्द आपण इतके आपलेसे केले आहेत की ते कोठून आले, हे विचारावेसेही वाटत नाही. ‘चेक’ हा त्यांपैकी एक. धनादेश या अर्थाचा चेक आणि तपासणे या अर्थाचा चेक हे मुळात एकच असून दोहोंचा उगम बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की खेळाडू तो शब्द उच्चारून इशारा देत असे. मराठीत त्याचा ‘शह’ झाला. तोच शब्द अरबीमार्गे युरोपात पोहोचून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि पुढे इंग्रजीत ‘चेक’ झाला. शह म्हणजे अडवणूक, अडवणुकीतून अंकुश आणि अंकुशातून तपासणी, असा हा अर्थाचा प्रवास आहे. खेळ मूळचा आपल्याकडचा चतुरंग. त्यामुळे मराठीतील शह-काटशह आणि बँकेतील चेक हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ निश्चितच ठरतात.

याच कुळातील अधिक भारदस्त शब्द म्हणजे ब्रिटनच्या राजकोशाचा ‘एक्स्चेकर’. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला जे नाव होते, त्यावरून तो आला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद अशा मेजावर होत असे. त्यावर रेघा आखलेले कापड अंथरलेले असे. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे रकान्यांचे मूल्य ठरलेले असे आणि त्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी चाले. रिचर्ड फिट्झनील या राजाच्या कोषाधिकाऱ्याने ११७० च्या दशकात लिहावयास घेतलेल्या लॅटिन संवादग्रंथात याचे बारीक वर्णन आढळते. वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमास या सणांच्या सुमारास, परगण्यांचे शेरीफ तेथे बोलावले जात. कोषाधिकारी आणि शेरीफ यांच्यातील हा सामना फिट्झनीलला बुद्धिबळाच्या डावासारखाच वाटला. अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही पटावरील सोंगट्या दिसत असत, हे या पद्धतीचे खरे बलस्थान होते.

परंतु पट उधळला की हिशेबही गेला. म्हणून पावती हवी, आणि ती लाकडाची होती. लॅटिन भाषेत डहाळीला, काठीला जो शब्द आहे, त्यापासून ‘टॅली’ आला. हेझलच्या काठीवर रकमेनुसार खाचा पाडीत : हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी, शंभरासाठी अंगठ्याएवढी, विसासाठी करंगळीएवढी आणि एका पौंडासाठी पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून तिचे दोन भाग करीत. लांब भाग, ज्याला ‘स्टॉक’ म्हणत, तो पैसे भरणाऱ्याकडे जाई आणि आखूड भाग राजकोशात राही. एकाने आपल्या भागावर खाच वाढवली तरी दुसऱ्याच्या भागावर ती उमटणार कशी? शिवाय लाकडाचे तंतू जुळवून पाहिले की बनावट काठी उघडी पडे. आज आपल्याकडच्या दुकानदारांच्या संगणकातील ‘टॅली’ने जीएसटीचे विवरणपत्र तयार होते, तेव्हा या काठीची आठवण कोणाला होत नाही.

ही पद्धत १७८२ मध्ये कायद्याने रद्द झाली. प्रत्यक्षात बंद पडली १८२६ मध्ये. प्रशासनाचा वेग तेव्हाही आजच्यासारखाच होता! साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्स सभागृहाखालील भट्ट्यांत जाळण्यात आल्या आणि त्या आगीत जुने संसदभवन भस्मसात झाले. १८५५ मध्ये प्रशासकीय सुधारणांवरील भाषणात चार्ल्स डिकन्सने या प्रकाराची यथेच्छ खिल्ली उडवली. ती उडवण्यासारखी होतीच. मात्र काठीमागचे तत्त्व खिल्ली उडवण्यासारखे नव्हते, असे माझे मत आहे.

तेच तत्त्व ‘कंट्रोल’ या शब्दात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘प्रति-नोंदवही’, म्हणजे एकाच्या वहीशी ताडून पाहण्यासाठी दुसऱ्याने स्वतंत्रपणे ठेवलेली वही. हुकूम सोडणे, दाबून धरणे हे अर्थ नंतरचे. हिशेबवाचक फ्रेंच शब्दाशी गल्लत होऊन त्याचे ‘कॉम्प्ट्रोलर’ असे स्पेलिंग रूढ झाले आणि ते आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ मध्येही येऊन बसले. आपण त्याचे ‘नियंत्रक’ असे भाषांतर केले, त्यात वही हरवली. पेशवाईत ही कल्पना अपरिचित नव्हती. मामलेदाराच्या हाताखालचे फडणीस, मुजुमदार आदी दरखदार त्याला परस्पर काढून टाकता येत नसत, ते याच कारणासाठी. ‘ऑडिट’चा मूळ अर्थ मात्र ‘ऐकणे’ : हिशेब मोठ्याने वाचायचा आणि इतरांनी ऐकायचा. आपली ‘लेखापरीक्षा’ पहिल्यापासूनच कागदावरची.

प्रति-नोंद जुळवली गेली नाही तर काय होते, ते पंजाब नॅशनल बँकेच्या २०१८ च्या फेब्रुवारीत उघडकीस आलेल्या प्रकरणात दिसले. इतर बँकांच्या परदेशी शाखांना हमी कळवणारे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात राहिले. बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीत त्यांची नोंद नव्हती आणि दोन्ही यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. अशा गैरवापराच्या शक्यतेबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१६ पासून बँकांना सावध केले होते.

आता देयकांच्या प्रणालीत ‘मेकर’ आणि ‘चेकर’ अशी दोन स्वतंत्र माणसे लागतात. एका कार्यालयात या दोघांचे पासवर्ड एकाच चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेले मी पाहिले आहेत. चिठ्ठी काढावयास सांगितली, तेव्हा दोघांपैकी एक रजेवर असेल त्या दिवशी देयके कशी निघणार, असा प्रश्न आला. मंजूर पदे सहा आणि भरलेली तीन असलेल्या त्या शाखेत तो प्रश्न गैरवाजवी नव्हता.