उपकरण गेले, नोंद उरली

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा कार्ड बसवायचे तर आधी संगणक बंद करावा लागे. चालत्या यंत्रातून एखादे उपकरण अचानक नाहीसे होईल, याची चिंता लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, फारशी नव्हती.

1996 साली चित्र पालटू लागले. चालत्या संगणकाला उपकरणे जोडता-काढता येतील अशा यूएसबीचे पहिले मानक आले आणि लिनक्स 2.0 एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागले. आरंभी ‘बिग कर्नल लॉक’ हे एकच मोठे कुलूप होते. एका वेळी एकाच प्रोसेसरला कर्नलमध्ये शिरता येई. वेगासाठी त्याच्या जागी हळूहळू लहान कुलपे आली. 2011 मध्ये मोठे कुलूप पूर्णपणे निघाले. दरम्यान ‘रेस कंडिशन’ वाढल्या: एक प्रोसेसर उपकरणाची नोंद वाचतोय, तोच दुसरा ती पुसून टाकतो.

यूएसबी-सिरियल केबल जोडली की लिनक्स तिला ‘टीटीवाययूएसबी0’ असे नाव देते. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली असताना उपटून पुन्हा खोचली, तर ती बहुधा ‘टीटीवाययूएसबी1’ होऊन परतते. केबल गेली तरी प्रोग्रॅमने जुना क्रमांक सोडलेला नसतो. अशा वेळी नोंदीची मेमरी घाईने मोकळी केली, तर ती दुसऱ्याच कामाला दिली जाते आणि जुना प्रोग्रॅम तिथे ढवळाढवळ करतो.

2003 अखेरच्या 2.6 आवृत्तीत पॅट्रिक मोशेल यांच्या रचनेने प्रत्येक उपकरणाला वापरणाऱ्यांची मोजणी जोडली. शेवटच्याने हात काढला की मगच नोंद मोकळी.

2007 मध्ये तेजुन हिओ यांनी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा कर्नलमधला भाग, सुटताच मेमरी आपोआप परत करणारी सोय आणली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ती उचलून धरली. पण फाइल उघडी असतानाही ड्रायव्हर सुटू शकतो, आणि मग उघडी फाइल मोकळ्या झालेल्या मेमरीकडेच बोट दाखवते. लॉरेंट पिंचार्ट यांनी 2022 च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत नेमका हाच धोका मांडला.

टायमरचा घोळ आणखी चिवट होता. काही ड्रायव्हरांत टायमर वाजला की तो एक काम रांगेत लावतो. ते काम संपताना टायमर पुन्हा लावते. उपकरण काढताना आधी टायमर थांबवा, काम त्याला जागे करते; आधी काम थांबवा, टायमर नवे काम लावतो. एका ब्लूटूथ ड्रायव्हरमध्ये हेच घडत होते. थॉमस ग्लाइक्सनर यांनी त्यावर काढलेला तोडगा फेब्रुवारी 2023 च्या 6.2 आवृत्तीत आला: कायमचा बंद केलेला टायमर कोणी पुन्हा लावू पाहिला, तर कर्नल निमूटपणे तिकडे काणाडोळा करते.