पाण्यावर 'उडणारी' इलेक्ट्रिक बोट: हायड्रोफॉइल कसं काम करतं?

मी मिरजगावचा. आमच्या कर्जत तालुक्यात बोट म्हटलं की उजनीचं बॅकवॉटरच आठवतं. पण २०२५ मध्ये मुंबईसाठी स्वीडनच्या कँडेला कंपनीच्या ११ इलेक्ट्रिक हायड्रोफॉइल बोटींची ऑर्डर जाहीर झाली. म्हणून हे तंत्र सोप्या भाषेत समजून घेऊ.

हायड्रोफॉइल म्हणजे काय?

बोटीच्या तळाखाली दांड्यांवर बसवलेले पंख. वेग वाढला की हे पंख बोटीला वर उचलतात. तळ पाण्याबाहेर आला की पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. कल्पना जुनीच आहे. इटलीच्या एन्रिको फोरलानिनी यांनी १९०६ मध्ये अशी बोट चालवून दाखवली होती.

कँडेलाच्या पी-१२ बोटीत ३० प्रवासी बसतात आणि ती साधारण २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किमी वेगाने जाते. तेवढ्याच वेगाच्या साध्या बोटीपेक्षा ८० टक्के ऊर्जा कमी लागते, असं कंपनी सांगते. बॅटरी जड आणि महाग असते, त्यामुळे ही बचत इलेक्ट्रिक बोटीसाठी फार मोठी आहे.

पंख केवढा हवा?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, म्हणून छोटा पंखही पुरतो. समजा माणूस आणि बोट मिळून वजन १२० किलो, वेग सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किमी) आणि पंखाचा उचल गुणांक ०.५. हिशेब केला तर पंख लागतो फक्त ०.१९ चौरस मीटर, म्हणजे दीड मीटर लांब आणि साधारण १३ सेंमी रुंद फळी!

लक्षात ठेवा, उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग निम्मा झाला तर उचल चौथाई. म्हणून बोट हळू झाली की आपोआप खाली बसते. आणि वर उठण्याआधी तळ पाण्यातच असतो, त्यामुळे मोटर निवडताना तेव्हा लागणारी जादा ताकद धरावी लागते.

कंट्रोल कसा होतो?

खरी गंमत इथे आहे. उचल वजनापेक्षा जास्त झाली की बोट वर चढत जाते, पंख पाण्याबाहेर येतो, उचल संपते आणि बोट धप्पकन आपटते. इंग्रजी 'व्ही' आकाराचे पंख हे स्वतःच सांभाळतात, कारण बोट वर गेली की त्यांचा पाण्यातला भाग कमी होतो. पूर्ण बुडालेल्या पंखांना मात्र कॉम्प्युटर लागतो:

१. सेन्सर पाण्यापासूनची उंची मोजतो.
२. जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर बोटीचा कल सांगतात. तुमच्या फोनमध्ये स्क्रीन फिरवायलाही मुख्यतः ॲक्सेलरोमीटरच वापरतात.
३. कंट्रोलर हवी ती उंची आणि आत्ताची उंची यांतला फरक काढतो.
४. मोटर पंखाचा कोन किंचित बदलते.

हे चक्र सेकंदाला अनेक वेळा चालतं. नुसता फरक बघून चालत नाही, तो किती झपाट्याने बदलतोय हेही बघावं लागतं. नाहीतर बोट सतत वरखाली डोलत राहते.

आपल्याकडे अडचणी काय?

उजनीतली जलपर्णी, मासेमारीची जाळी आणि मुंबईच्या खाडीतलं प्लास्टिक पंखात अडकू शकतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटलं तर पंखांना खोलीही पुरत नाही.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. अशा वादळात हायड्रोफॉइलही किनाऱ्यालाच हवी. कितीही भारी सेन्सर लावा, लाइफ जॅकेटची जागा ते घेत नाहीत. कुणी मॉडेल बनवणार असाल, तर आधी रिमोटवर चालणारं छोटं बनवा आणि शेततळ्यात नाही, उथळ पाण्यात मोठ्यांसमोर चालवा. शेततळ्याचा कागद निसरडा असतो, आत पडलं की बाहेर येता येत नाही.