हिवाळ्यांची गणना : आइसलंडमधील पशुपालन आणि वयोवाचक शब्द

आइसलंड या बेटाला त्याचे नाव कसे मिळाले, याची हकीकत ‘लान्दनामाबोक’ या वसाहतीच्या इतिहासग्रंथात आली आहे. नवव्या शतकात फ्लोकी नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी आपला परिवार व जनावरे घेऊन या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. तेथील उपसागर माशांनी भरलेला होता. मासेमारीच्या नादात उन्हाळ्यात गवत कापून साठविण्याचे काम राहून गेले आणि हिवाळ्यात त्याची सर्व जनावरे मरण पावली. पुढे वसंतात डोंगरावर चढून त्याने पाहिले, तेव्हा पलीकडची खाडी समुद्रातील बर्फाने भरलेली दिसली. म्हणून त्याने या देशाला ‘बर्फाची भूमी’ असे नाव दिले. ही कथा अक्षरशः खरी मानलीच पाहिजे असे नाही. परंतु वैरणीवाचून मेलेल्या जनावरांची आठवण पुढील पिढ्यांनी आपल्या देशाच्या नावाशी जोडून ठेवली, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

सुमारे इ. स. ८७० पासून नॉर्वे व ब्रिटिश बेटांकडून आलेल्या लोकांनी येथे कायमची वस्ती केली. त्यांची उपजीविका मुख्यतः गाई, मेंढ्या व घोडे यांवर होती. घोडे बहुधा हिवाळ्यातही उघड्यावर राहत. मेंढ्यांना बर्फ कमी असेल तेव्हा बाहेर चारता येई. गाईला मात्र वर्षातील सुमारे आठ महिने गोठ्यातच बांधून पोसावे लागे. हे आठ महिने पुरेल एवढी वैरण उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत जमविणे, हाच तेथील शेतीचा गाभा होता. वैरणीचे दोन प्रकार मानले जात. घराभोवतीच्या, शेणखत घातलेल्या कुरणाला ‘तून’ म्हणत आणि त्यावरील सकस गवताला ‘तादा’. हे गवत गाईंसाठी राखले जाई. दूरच्या, खत न घातलेल्या रानातील गवत ‘ऊतहेय’, म्हणजे बाहेरचे गवत. ते मेंढ्या व घोडे यांच्या वाट्याला येई. गोठ्यातील शेणावर कुरण पोसले जाई आणि कुरणावर गोठा. यांपैकी एक दुबळा झाला की दुसराही दुबळा होई.

जुन्या आइसलंडी पंचांगात वर्षाचे उन्हाळा व हिवाळा असे दोनच भाग होते. जुलैच्या अखेरीस सुरू होणाऱ्या महिन्याचे नाव ‘गवताची कामे’ या अर्थाचे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळ्याबरोबर सुरू होणारा महिना जनावरे कापण्याचा असून, त्याच्या नावात जनावराच्या पोटातील अर्धवट पचलेल्या चाऱ्याचा वाचक असलेला ‘गोर’ हा शब्द आहे. पहिला महिना जमेचा आणि दुसरा खर्चाचा, असे म्हणता येईल. या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याला वर्षातील सर्वांत कठीण निर्णय घ्यावा लागे. साठलेल्या गवतावर किती जनावरे ठेवायची आणि किती कापायची, हा तो निर्णय होय. एक गाय जास्त ठेवली तर वसंताच्या तोंडाला सर्वच गोठा उपाशी पडण्याचा धोका. एक कमी ठेवली तर पुढील वर्षाचे दूध गेले. पुरेशी वैरण नसता जनावरे राखणाऱ्याविषयी, त्याने आपली गुरे देवावर आणि गोठलेल्या जमिनीवर सोपविली, अशा अर्थाचा वाक्प्रचार आइसलंडी भाषेत रूढ झाला. त्यात श्रद्धेची स्तुती नाही, बेहिशेबीपणाची निंदा आहे.

हा निर्णय खासगी असला तरी त्याचे परिणाम खासगी राहत नसत. तेराव्या शतकातील ‘हेन्सा-थोरिस सागा’ या गद्यकथेचा सारा संघर्ष वैरणीवरूनच उद्भवतो. गवताचे पीक वाईट आल्यामुळे ब्लुंड-केतिल हा जमीनमालक कोणी किती जनावरे कापावीत हे आपल्या कुळांना शरदातच सांगतो. काही कुळे ते ऐकत नाहीत आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात वैरण मागण्यास येतात. तो प्रथम स्वतःचे घोडे मारून वाचलेले गवत त्यांना देतो. पुढे तेही अपुरे पडते, तेव्हा गवताचा साठा असलेल्या थोरिरकडे तो विकत मागतो. थोरिर नकार देतो. केतिल मोल ठेवून गवत बळेच नेतो, आणि त्याचा शेवट केतिलला घरासह जाळण्यात होतो. बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोर्गिल्सन याने याच जळिताचा उल्लेख केला आहे. मात्र त्याच्या मते जळालेला पुरुष केतिल नसून त्याचा मुलगा होता. या प्रकरणातून उद्भवलेल्या तंट्यानंतर सुमारे इ. स. ९६५ मध्ये देशाची न्यायदानासाठी चार विभागांत वाटणी झाली, असेही आरी सांगतो.

कायद्यातही हिवाळ्याची हीच छाया दिसते. ‘ग्रागास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कायदेसंग्रहात मूल्याचे एक परिमाण गाय हे होते, आणि सहा मेंढ्या एका गाईबरोबर धरल्या जात. ही प्रमाण गाय कशी असावी हेही सांगितले होते : तीन हिवाळ्यांहून लहान नसावी, दहा हिवाळ्यांहून मोठी नसावी, दुभती असावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस, बिऱ्हाडे बदलण्याच्या दिवसांत, घरातून निघून चालत जाण्याइतकी सशक्त असावी. आठ महिने गोठ्यात काढून जी स्वतःच्या पायांवर बाहेर येते, तीच गाय चलन म्हणून ग्राह्य.

या नियमात वय वर्षांनी नव्हे, हिवाळ्यांनी मोजले आहे, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. माणसांचे वयही जुन्या नॉर्स भाषेत याच रीतीने सांगत. ही रीत केवळ आइसलंडची नव्हे. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला ‘बीमुस’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ ‘दोन हिवाळ्यांचा’. ग्रीकमधील ‘खिमाइरा’, म्हणजे तरुण शेळी, हा शब्दही ‘एका हिवाळ्याची’ या अर्थाचा आहे. आइसलंडीत मेंढीच्या मादी कोकराला ‘गिंबुर’ म्हणतात, तोही याच कुळातला. या सर्वांच्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात ‘हिम’ या रूपाने आढळतो. वेदांत ‘हिमा’ हा शब्द वर्ष या अर्थीही येतो. मराठीतील ‘हिंव’ व ‘हिवाळा’ हे शब्द, म्हणजे, दूरच्या त्या कोकराच्या नावाचे आप्त आहेत.

मराठीने मात्र गणनेचे माप बदलले. ‘वर्ष’ या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस. वडील माणूस आपण अमक्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत असे म्हणतो; तेथे हिवाळ्याचे नाव येत नाही. बैलाचे वय तर ऋतूवरून नव्हे, दातांवरून ठरवून त्याला आदत, दुसा, चौसा असे म्हणतात. ज्या देशात पावसाने दगा दिला की गुरे मरतात, त्या देशात पाऊस मोजला जातो. जेथे हिवाळा मारतो तेथे हिवाळा. वय मोजण्याच्या शब्दांत त्या त्या समाजाचे प्रमुख भय नोंदलेले असते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

हे भय निराधार नव्हते. ८ जून १७८३ रोजी लाकी येथे ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला. त्यातील फ्लोरीनयुक्त राखेने गवत विषारी झाले. त्यानंतरच्या काळात सुमारे निम्मी गुरे, चार-पंचमांश मेंढ्या आणि सुमारे एक-पंचमांश माणसे मृत्यू पावली. वैरणीअभावी खंगून होणाऱ्या पशुसंहाराला आइसलंडीत ‘होर्फेल्लिर’ हे स्वतंत्र नाव आहे. १८८४ मध्ये हा शब्द कायद्याच्या नावात आला आणि जनावरांना उपासमारीने मरू देणे हा दंडनीय अपराध ठरला. देवावर व गोठलेल्या जमिनीवर गुरे सोपविणाऱ्याला लोकभाषेने पूर्वीच दोष दिला होता. आता तो दोष कायद्याने मान्य केला.

पशुधनाला आइसलंडीत ‘फ्ये’ म्हणतात. संस्कृत ‘पशु’ आणि लॅटिन ‘पेकु’ यांचा तो सहोदर असून, त्याचा दुसरा अर्थ पैसा असा आहे. हे धन दरवर्षी शरदात मोजले जाई. पण त्याची खरी किंमत वसंतात, गोठ्याचे दार उघडल्यावरच कळत असे.