पानाच्या टपरीवरून रंगमंचावर

डोंबिवलीचा इतिहास लिहायचा तर तो बाहेरून आलेल्यांचाच लिहावा लागेल. आपल्या वर्गातही परळ-लालबागची खोली सोडून आलेल्यांची मुलं कितीतरी होती. भाऊ कदम त्याच वाटेने आले. बालपण वडाळ्याला, बीपीटीच्या वसाहतीत. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब डोंबिवलीला आलं. पोटासाठी त्यांनी मतदार नोंदणीचं काम केलं, मग भावासोबत पानाची टपरी टाकली. नाटकं चालूच होती, पण त्यांवर घर चालेना. अभिनय सोडायचा असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात विजय निकमांनी 'जाऊ तिथं खाऊ'मध्ये घेतलं. 'फू बाई फू'ला दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा ते गेले. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'ने त्यांना घराघरांत पोचवलं.

माझ्या मते त्यांचं बळ बोलण्यापेक्षा थांबण्यात आहे. वाक्य संपवून ते नुसते बघत उभे राहतात आणि हशा येतो. हे समोर बसलेल्या प्रेक्षकांकडूनच शिकता येतं. टीव्हीवर कार्यक्रम चालू असतानाच, २०२२ मध्ये, ओंकार भोजनेसोबत 'करून गेलो गाव' घेऊन ते पुन्हा नाटकात उतरले. घरबसल्या फुकट दिसणारे भाऊ बघायला लोकांनी तिकिटं काढली.